मैदान आखायची दोरी

अण्णा, गेल्या आठवड्यात आपल्या मैदानावर एक साहेब टेप घेऊन आले आणि तुमची दोरी खोटी निघाली.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. मिलच्या चाळीत एका खोलीत तिघं राहत असताना कोण कोणाला पत्र लिहिणार? बोलायचं ते तुम्ही पाळीला जाताना, चपला पायात सरकवता सरकवता उंबऱ्यातच बोलून टाकायचात. माझंच एक बोलायचं राहिलं. ते छत्तीस वर्षं राहिलंय, आणि दोरीवर टेप पडला नसता तर कदाचित तसंच राहिलं असतं.

आधी चांगलं सांगते. यंदा आपला क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये दुसरा आला. पहिले दोन संघ वर जातात, हे तुम्हाला सांगायला नको. छत्तीस वर्षांपूर्वी तुमच्या हातून निसटलं ते यंदा आपल्या दारात आलं होतं. फक्त एक अट होती. वरच्या डिव्हिजनमधल्या प्रत्येक क्लबला मापात बसणारं एक मैदान दाखवावं लागतं. दाखवता आलं नाही, तर तिसऱ्या नंबरचा संघ वर जातो. आमचं वर जाणं हुकलं असतं, तर पुढच्या वर्षी संघ उभा राहिला असता का, हे मला माहीत नाही. दोन पोरांना पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलेलं आहे, तिसऱ्याला स्टेशनकडचा क्लब ओढतोय. वर गेलो तर थांबतो, असं तिघंही म्हणाले होते.

क्लब माझ्याकडे कसा आला तेही तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्यानंतर तुमच्या गोलकीपरनं तो सांभाळला, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि एका सकाळी ते माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात तुमचा तो बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. "पोरी, मला आता बॉल बी दिसंना आन् लाईन बी दिसंना. तूच बघ." मी म्हटलं, काका, मी मराठी शिकवते, मला फुटबॉलमधलं काय कळतंय? "तुला फक्कीनं पांढऱ्या लायनी मारता येत्यात न्हवं? आमच्यातल्या निम्म्यांना तेवढं बी येत नव्हतं." डब्यात एक शिट्टी होती, खेळाडूंच्या नावांची वही होती आणि खाली गुंडाळी करून ठेवलेली तुमची दोरी.

त्या वहीत तेव्हा सात नावं होती. सात जणांत क्लब कसा चालतो? मिल बंद पडल्यावर चाळ रिकामी होत गेली. ज्यांची नावं तुम्ही हाका मारून घ्यायचात त्यांची मुलं पुण्यात कंपनीत लागली, आता दिवाळीला येतात आणि बाल्कनीतून मैदानाचे फोटो काढतात. मैदानावर संध्याकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट, लग्नसराईत मांडव, मांडव निघाला की जमिनीत खुंट्यांची भोकं. एवढं मोठं शहर, पण फुटबॉल खेळतो म्हटलं की लोक विचारतात, सोलापुरात? आणि वर तुमचा नियम. चाळीबाहेरचा कुणी नको. तुम्ही तो कधी कागदावर लिहिला नाहीत, पण काकांनी तो देवासारखा पाळला.

मी बाहेरची पोरं आणायचं म्हटलं तेव्हा काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "अण्णाचा नियम हाय, पोरी."

"काका, चाळीत आता राहतंय कोण?"

"म्या हाय की."

"मग तुम्ही राइट बॅक खेळता का?"

त्यावर ते हसले, आणि हसले म्हणजे झालं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पूर्व भागातल्या विणकरांच्या गल्लीतून चौघं आले. त्यांच्यातला एक आज कप्तान आहे. मैदानावर तो तेलुगूतून ओरडतो आणि बाकीच्यांना आता ते कळतं. गोलकीपर एका गॅरेजमध्ये काम करतो. मी काळजीत दिसले की त्याचं ठरलेलं, "टेन्शन नक्को लेव मॅडम, मै हूँ ना." आणि पुढे खेळतो तो मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला, इथं कॉलेजच्या होस्टेलवर राहणारा. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, दमत कसा नाहीस रे? तो म्हणाला, "मेंढरामागं पळलोय मॅडम. बॉल काय, हितनं तितं तर जातोय." अण्णा, तुम्ही त्याला खेळताना बघितलं असतंत तर तुमचा नियम तुम्हीच गिळला असतात. निदान मला तसं वाटतं.

तर मैदान तपासायला असोसिएशनचे साहेब आले. आदल्या दिवशी मी स्वतः मैदान आखलं होतं, तुमच्या दोरीनं, तुमच्या गाठींवर. पहिली गाठ दहा यार्डांवर, मधल्या वर्तुळाची. दुसरी बारावर, पेनल्टीची. तिसरी अठरावर, गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाची, म्हणजे आपल्या डीची. साहेबांनी टेपचं टोक गोललाईनवर पायाखाली धरलं, चालत पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत गेले, वाकले, उठले, परत गेले, पुन्हा मोजलं.

"मॅडम, हे कशानं मोजलंत?"

"दोरीनं."

"कसल्या दोरीनं?"

मी काही बोलायच्या आत काका पुढे झाले. "अण्णाची दोरी हाय साहेब. चाळीस वर्षं हिच्यावर आखतोय आमी."

"मग चाळीस वर्षं चुकीचं आखताय. अकरा मीटर पायजे, हे दहा पंचावन्न भरतंय. तुमची डी पण आत आलीये, वर्तुळ पण लहान आहे."

काका म्हणाले, "टेपच खोटा आसंल."

पोरं हसली. साहेबही हसले. भले माणूस होते, म्हणाले, आठ दिवस देतो, नीट करून ठेवा, नाहीतर मला नाइलाजानं नापास लिहावं लागेल. मी मात्र हसले नाही. कारण काकांसारखंच वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, याच मैदानावर, तुमच्या तोंडून. पोरांनी मला विचारलं, मॅडम, असं कसं झालं? मी सांगितलं, दोरी जुनी झाली, आखडली.

ती दोरी तुम्ही कशी केली होतीत ते मी बघितलं आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. मिलमधून आणलेलं सूत तुम्ही आणि काका चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणता आणि पीळ देता. मग आई पातेल्यात खळ शिजवते, मिलमध्ये ताण्याला लावतात तशी, आणि तुम्ही फडक्यानं ती दोरीला चोळता. दोन दिवस दोरी गॅलरीत ताणलेली राहते, खालून जाणारे विचारतात, काय वाळत घातलंय, आणि तुम्ही म्हणता, "मैदान." सुताला खळ असली म्हणजे ते मापात राहतं, असं तुम्ही मला सांगितलंत. तुटलेला धागा जोडायची विणकराची गाठही तेव्हाच शिकवलीत. दोन बोटांत धरायचं, अंगठ्याखालून फिरवायचं, ओढायचं. "मागाच्या फणीतनं सरसर गेली पायजे. हाताला लागली तर ती गाठ न्हाय, खडा हाय." तुम्ही मला बाहुली कधी आणली नाहीत, पण ही गाठ दिलीत. आजही शाळेत कुणाच्या दप्तराचा बंद तुटला की मुलं माझ्याकडे येतात.

मग तो शनिवार. मी दहा वर्षांची. दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना, जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये. आई अंगणातल्या चुलीवर मोठ्या घंगाळात जर्स्या उकळते आहे. त्या जर्स्या म्हणजे तुमची करामत. मिलमधून टॉवेलचं एक डागी थान मिळालं म्हणून तुम्ही अख्ख्या संघाला टॉवेलच्या जर्स्या शिवल्या होत्यात. टॉवेल घाम टिपतो, मग खेळाडूचा घाम टिपायला टॉवेलच नको का, असं तुमचं म्हणणं. पहिल्या हाफनंतर त्या घामानं अशा जड व्हायच्या की पोरं खांदे पाडून पळायची. समोरचे ओरडायचे, "आले बघा न्हाणीघरातनं! साबण आणलाय का रं?" तुम्ही म्हणायचात, हसू देत, वजन घेऊन पळणाऱ्याचे पाय पक्के होतात.

तर आई जर्स्या उकळते आहे आणि डब्यातली दोरी फक्कीनं, मातीनं काळीपांढरी झालेली मला दिसते. उद्या एवढा मोठा सामना. सगळं स्वच्छ पाहिजे. मी आईला म्हणते, मला पण थोडा सोडा दे. आई देते. मी दोरी घंगाळात सोडते. तासाभरानं ती बाहेर काढते तेव्हा इतकी पांढरी, इतकी मऊ, की गालाला लावावीशी वाटते. तारेवर वाळत टाकते, सैल, वळ्या वळ्या. रात्री गुंडाळून डब्यात ठेवते. तुम्ही पाळीवरून उशिरा येता, काही बघत नाही.

रविवारी सकाळी आपण दोघं मैदान आखायला जातो. तुम्ही टोक धरता, मी गाठ धरते. डीच्या कोपऱ्यावर मला मागच्या आठवड्याच्या फक्कीची पुसट रेघ दिसते. आपली नवी खूण तिच्या आत पडते आहे, माझ्या तीन विती आत. मी म्हणते, "अण्णा, जुनी खूण बाहेर राहिली." तुम्ही मान वर न करता म्हणता, "जुनी खूण पायानं पसरती. दोरी पसरत न्हाय. दोरीवर इस्वास ठेव." आणि मी ठेवला. खरं म्हणजे ठेवला नाही. मला तेव्हाच कळलं होतं की मी काहीतरी केलं आहे. पण तुम्ही त्या दिवशी इतके खूश होतात, फक्कीचा डबा हलवत शीळ घालत होतात.

सामना बरोबरीत होता आणि शेवटची पाच मिनिटं उरली असताना आपल्याला पेनल्टी मिळाली. ती मारणार होता वळसंगहून सायकलवर येणारा तो. तेव्हा तुमचा नियम नव्हता, तेव्हा कुणीही येऊ शकत होतं, आणि तो आपल्या संघातला सगळ्यांत चांगला खेळाडू होता. त्यानं बॉल ठेवला. समोरचा कप्तान ओरडला, ठिपका जवळ आहे. रेफरीनं पावलं टाकली, एकदा, दोनदा. म्हणाला, बॉल थोडा मागं घ्या, दोन विती, आणि मारा. एवढंच. कुणी आपली पेनल्टी काढून घेत नव्हतं.

तुम्ही मैदानात आलात. मी फक्कीचा डबा धरून कोपऱ्यात उभी होते. तुम्ही म्हणालात, "माझी दोरी खोटं बोलत न्हाय. तुमची पावलं खोटी." रेफरी समजावत होता. वळसंगचा तो हसून म्हणाला, "अण्णा, मागं घ्या की. दोन वीत काय, चार वीत मागनं बी मारतो मी." सगळं तिथं मिटलं असतं. तुम्ही त्याच्याकडे वळलात आणि म्हणालात, "तू भायेरचा. तुला दोरीचं काय पडलंय?" मग हात वर करून संघ बाहेर घेतलात. अकरा पोरं ओल्या टॉवेलांत खाली मान घालून तुमच्या मागून चालत गेली. बॉल तिथंच राहिला. तो उचलून आणायला मी गेले, आणि ठिपक्यापाशी उभी राहून मी गोलकडे बघितलं. तो मला खरंच जवळ वाटला.

आपला क्लब तेव्हापासून यंदापर्यंत दुसऱ्या डिव्हिजनमध्येच राहिला. त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, आता आपली चाळ, आपली पोरं. तो नियम तिथून आला, अण्णा. माझ्या सोड्यातून.

टेपवाले साहेब गेले त्या दुपारी मी घरी आले. आई हल्ली माझ्याकडेच असते. ओट्यापाशी खुर्ची टाकून चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे चोळत बसली होती. मी विचारलं, शंभर फुटी टेप कुणाकडे मिळेल गं?

"अण्णांचा हाय की पेटीत."

"अण्णांकडे टेप कुठला?"

"होता एक. चामड्याच्या डबीतला. साड्यांच्या खाली बघ."

होता. पितळी दांडीनं गुंडाळायचा, जाड कापडी पट्टीचा. मी दांडी फिरवली तर ती अडकली. खाचेत पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. नखानं खरवडलं. फक्की होती.

मी टेप घेऊन आईसमोर उभी राहिले. तिनं टरफलं फुंकली. "त्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी पहाटंच गेलते मैदानावर. मिलच्या इमारत खात्यातनं कुणाकडनं तरी आणलावता. आले ते जेवलेच न्हाईत. म्हटलं, काय झालं? तर म्हणले, काय न्हाय, दोरी जुनी झाली."

"आई, दोरी जुनी झाली नव्हती. मी ती उकळली होती."

"ठाऊक हाय की. सोडा मीच दिलावता तुला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लेकीचं नाव सांगू का नवऱ्याचं नाक कापू?" आणि ती पुन्हा शेंगदाणे चोळायला लागली. मग म्हणाली, "उभी काय ऱ्हातीस, चाळणी दे."

म्हणजे दुसऱ्याच सकाळी तुम्हाला कळलं होतं. दोरी खोटी आहे हे कळूनही तुम्ही पुढची सतरा वर्षं तिच्यावरच मैदान आखलंत, कारण ती दुरुस्त केली असती तर सगळ्यांना दिसलं असतं की रेफरीची पावलं खरी होती. मला राग यायला हवा होता. आधी आलाही. मग मला आठवलं की तुमच्यासारखंच मीही पोरांना नेमकं तेच सांगून आले होते. दोरी जुनी झाली. तेच शब्द.

आठ दिवसांत खूप काम झालं. पोरांनी खुंट्यांची भोकं बुजवली, मुरूम टाकला, पाणी मारलं, मंगळवेढ्याच्या पोरानं होस्टेलवरची आणखी सहा जणं आणली. काकांचं म्हणणं होतं, दोरी टाकून दे आता, टेप हाय न्हवं. पण टेपनं नुसतं माप कळतं, सरळ रेघ मारायला दोरीच ताणावी लागते. आणि नवी दोरी आणायला मन होईना. तुमच्या तीन गाठी सोडून फेकून द्यायच्या, की दोरी आहे तेवढ्यावर अडून बसायचं, या दोन्हींतलं मला काहीच नको होतं.

मी कप्तानाच्या आईकडे गेले. घरात दोन माग आहेत, टॉवेलचेच. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिनं दोरी हातात घेतली, बोटांनी चाचपली, नाकाला लावली. "टीचर, यातली खळ कुणी काढली?" मी म्हटलं, मी. "कशाला?" "स्वच्छ करायला." ती इतकी हसली की आतून तिची सासू विचारायला आली. अक्कानं तिला तेलुगूत सांगितलं आणि मग त्या दोघी हसल्या. "खळ काढलेला ताणा आमच्यात कुणी माणसात आणत नाही, टीचर. लाज वाटते." मग तिनं बॉबिनवरचं सूत दिलं, पीळ घालून दिला, खळही तिच्याच घरची. टेप जमिनीवर पसरून आम्ही तुमची दोरी तीन ठिकाणी कापली आणि प्रत्येक ठिकाणी नव्या सुताचा तुकडा घातला. तुमच्या गाठी तशाच ठेवल्या, त्यांच्यामधलं अंतर तेवढं वाढवलं. सांधे मी मारले. अक्कानं त्यांच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही गाठ आमच्यातली आहे. तुम्हाला कुणी शिकवली?" मी म्हटलं, वडिलांनी. मिलमध्ये जॉबर होते, मागांवरचे मुकादम. "मग त्यांना आमच्याच कुणीतरी शिकवली असणार," ती म्हणाली, अगदी सहज, आणि मागाकडे वळली.

मला हे कधी सुचलंच नव्हतं, अण्णा. चाळीबाहेरचा नको म्हणणाऱ्या तुमच्या हातात कुणाची तरी गाठ होती.

आज सकाळी साहेब पुन्हा आले. काका टेपच्या मागून मागून चालत होते, दिसत नसतानाही वाकून वाकून बघत होते. गोलकीपर माझ्या कानाशी येऊन दहा वेळा टेन्शन नक्को लेव म्हणाला, आणि स्वतः ग्लोव्हज घालत-काढत राहिला. साहेबांनी सगळं मोजलं. मग म्हणाले, "मॅडम, पेनल्टी एक सेंटिमीटर जास्त आहे."

"चालेल का?"

"चालेल. कमी पडण्यापेक्षा बरं."

पोरांनी काकांना उचललं. काका ओरडत होते, "खाली सोडा रं, हाडं मोडतील माजी!" मैदान पास झालं. आपण वर गेलो. पहिला सामना पंधरा दिवसांनी, इथंच. पुढं काय करायचं तेही मी ठरवलंय. कॉलेजच्या आणि शाळेच्या मिळून चौदा मुली खेळायला तयार आहेत, त्यांचा संघ या वर्षीच उभा करणार. तुम्ही मला फक्कीचा डबा दिलात, बॉल कधी दिला नाहीत, याचा राग मी धरलेला नाही. पण या मुलींच्या हातात मी आधी डबा देणार नाही. वरच्या डिव्हिजनमध्ये टिकायला दोन वर्षं लागली तरी लागू देत, खाली आलो तरी पुन्हा चढू. वहीत आता एकतीस नावं आहेत.

आता ते राहिलेलं. ते तुमच्याकडे नाही, वळसंगला आहे.

त्या सामन्यानंतर दोन दिवसांनी तो सायकलवर चाळीत आला होता. तुम्ही आत खाटेवर बसला होतात. जिन्यातून त्याचा आवाज आला, आणि तुम्ही मला खूण केलीत. मी बाहेर गेले आणि सांगितलं, अण्णा घरी नाहीत. त्याला तुमच्या चपला दारात दिसत होत्या. पिशवीतून त्यानं जर्सी काढून माझ्या हातात दिली, घडी घातलेली. "अण्णांना सांग, धुतलीया," म्हणाला, आणि गेला. तो पुन्हा कधी खेळला नाही, असं काका सांगतात. शेती करतो, नातवंडं झाली आहेत. मी तेव्हा समजत होते की मी नुसता तुमचा निरोप सांगतेय. तुम्हाला तोवर टेपनं सगळं सांगितलं होतं, मला दोरीनं. जिन्यात उभ्या असलेल्या त्या एकट्यालाच काही माहीत नव्हतं, आणि शिक्षा त्यालाच झाली होती.

ती जर्सी आईच्या पेटीत टेपच्या खालीच सापडली. अजून मऊ आहे. ती घेऊन मी त्याच्या दारात जाणार आहे, पहिल्या सामन्याला या म्हणून सांगायला. हवी असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधी एक पेनल्टी मारा, ठिपका आता खरा आहे, असंही सांगणार आहे. सोड्याचं आधी त्याला सांगायचं, मग काकांना, मग पोरांना. हे पत्र दोरीच्या डब्यात राहील. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, अण्णा. तुम्ही काही दार उघडून समोर येणार नाही. तिथं माणूस समोर येईल.

रविवारी जाते. पण एक कबूल करते. आज शाळा सुटल्यावर मी जर्सी पिशवीत घालून एस.टी. स्टँडवर गेले होते. अक्कलकोटची गाडी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा राहून वळसंग, वळसंग ओरडत होता. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "वळसंग का ताई?" आणि मी म्हटलं, नाही हो, मला मंगळवेढ्याला जायचंय.